अंक, नाद आणि गाळणी

ध्वनीची नोंद आकड्यांत करून ठेवावी आणि पुढे त्या आकड्यांतून तोच ध्वनी पुन्हा उभा करावा, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील नवल कोणास जाणवतच नाही. यांतील दुसरे काम ज्या यंत्राकडून होते त्यास आपण येथे रूपांतरक म्हणू. तळहाताएवढ्या हिरव्या पाटीवर बसणारा हा रूपांतरक सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने, म्हणजे बाजारभाषेत ज्याला किट म्हणतात त्या रूपाने, विकत मिळतो; आणि हौशी माणूस घरी बसून, डाख देऊन, तो जुळवतो. जुळवून झाल्यावर, वाजू लागल्यावर, त्याने स्वस्थ ऐकत बसावे की नाही? पण तसे होत नाही. आठ दिवसांत तो पुन्हा झाकण उघडतो. हा कंडेन्सर काढून तो घालावा, विजेचा पुरवठा अधिक शुद्ध करावा, गाळणीचे घटक बदलून पाहावे, असा त्याचा उद्योग सुरू होतो आणि तो सहसा संपत नाही. बदलीच्या गावी, सरकारी वसाहतीच्या दोन खोल्यांत, ज्यांना संध्याकाळी सहानंतर ओळखीचे दार ठोठावता येत नाही, अशा आपल्या मंडळींपैकी काहींना ही हौस जडलेली मी पाहिली आहे. तिच्यापायी पगारातील बरीच रक्कम खर्ची पडते हेही पाहिले आहे. म्हणूनच या यंत्रातील कोणता भाग कोणत्या गरजेतून तेथे आला, याचा इतिहास सांगणे निरुपयोगी ठरणार नाही. जो भाग का बसवला हे ठाऊक नाही, तो बदलल्याने सुधारणा झाली की बिघाड झाला हे कोणी कसे सांगावे?

या इतिहासाचा नायक, माझ्या मते, गाळणी हा आहे. रूपांतरकाची महती सांगताना लोक चिपचे नाव घेतात, कंडेन्सरच्या कंपनीचे नाव घेतात. गाळणीचे नाव क्वचितच निघते. वस्तुतः यंत्रात काय ठेवायचे आणि काय टाकून द्यायचे याचा निर्णय तीच करते.

विजेच्या लहरींना गाळणी लावण्याची विद्या टेलिफोनच्या पोटी जन्मली. एकाच तारेवरून अनेक संभाषणे पाठवायची तर त्यांना कंप्रतेच्या निरनिराळ्या पट्ट्यांत बसवून, पलीकडच्या टोकास पुन्हा वेगळे करणे भाग होते. १९१५ च्या सुमारास जर्मनीत कार्ल विली वाग्नर आणि अमेरिकेत जॉर्ज कॅम्बेल या दोघांनी, परस्परांशी संबंध नसता, तारेची वेटोळी व कंडेन्सर यांची शिडीसारखी रचना करून अशी गाळणी सिद्ध केली. पुढे १९३० मध्ये स्टीफन बटरवर्थ या इंग्रज पदार्थविज्ञानज्ञाने गाळण्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. हव्या त्या कंप्रता एकसारख्या, कोणतीही उणीअधिक न करता, जाऊ द्याव्या आणि नको असलेल्या अडवाव्या, हे गाळणीचे ध्येय धरून ते गणिताने कितपत गाठता येते हे त्याने दाखवले. आजही प्रत्येक हौशी माणसाच्या तोंडी त्याचे नाव आहे. हा बटरवर्थ सरकारी प्रयोगशाळेतील नोकर होता. तो सव्वा इंच व्यासाच्या व तीन इंच लांबीच्या नळीवर तार गुंडाळी, नळीच्या पोकळीतच कंडेन्सर व रेझिस्टर बसवी, आणि ती सबंध गाळणी सॉकेटात खोचता येईल अशी करी. म्हणजे एक काढून दुसरी बसवण्याची सोय त्याने तेव्हाच केली होती. आपल्या हौशी मंडळींचा हा मूळपुरुष म्हणावयास हरकत नसावी.

ध्वनी अंकांत मांडण्याची युक्ती याच सुमारास निघाली. अ‍ॅलेक रीव्ह्‌ज हा इंग्रज अभियंता पॅरिस येथील टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करीत असता १९३७ मध्ये त्याला असे सुचले की, लहर जशीच्या तशी पाठवण्याऐवजी ठरावीक क्षणी तिची उंची मोजावी आणि तो आकडा पाठवावा. वाटेत कितीही गोंगाट मिसळला तरी आकडा ओळखता आला म्हणजे झाले. १९३८ मध्ये त्याने फ्रान्समध्ये एकस्वाधिकार घेतला. त्या काळच्या व्हॉल्वांनी हे यंत्र बांधणे फार खर्चाचे होते, त्यामुळे कल्पना बरीच वर्षे पडून राहिली. मोजणी किती वेळा केली असता लहर पुरती हाती लागते, या प्रश्नाचे उत्तर मात्र गणितज्ञांनी तयार ठेवले होते: लहरीतील सर्वांत उंच कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा. ब्रिटनमध्ये व्हिटेकर याने १९१५ मध्ये, रशियात कोतेल्निकोव्ह याने १९३३ मध्ये आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन याने १९४९ मध्ये, आपापल्या वाटेने, हे सत्य मांडले.

या सिद्धांतात एक अट दडलेली आहे आणि आपल्या विषयाचे सारे मर्म तिच्यात आहे. आकड्यांतून लहर पुन्हा उभी करताना मूळ नादाबरोबरच त्याची प्रतिबिंबेही उमटतात. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी केली असेल आणि मूळ स्वर १०,००० आवर्तनांचा असेल, तर यंत्रातून त्या स्वराबरोबर ३४,१०० आणि ५४,१०० आवर्तनांचे आगंतुकही बाहेर पडतात, आणि त्यांच्यामागे आणखीही. सिद्धांत म्हणतो की लहर पुरती परत मिळेल, पण केव्हा? ही प्रतिबिंबे गाळून टाकली तर. गाळणीवाचून रूपांतर अपुरे राहते.

आता थोडे हौशी लोकांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सैन्याने विकावयास काढलेल्या विजेच्या भागांचा मोठा साठा बाजारात आला. मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर येथील हीथ कंपनीच्या हॉवर्ड अँथनी याने असे भाग घेऊन १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचा संच ३९ डॉलर ५० सेंटांस विकावयास काढला. सूचनापुस्तकातील पायऱ्या एकेक करून खोडत जावे आणि शेवटी यंत्र चालू व्हावे, ही हीथकिटची रीत १९९२ पर्यंत टिकली. त्याच १९४७ साली विलायतेत विल्यमसन याने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आपल्या अँप्लिफायरचा आराखडा छापला आणि घरोघर लोकांनी तो बांधला. विल्यमसनच्या आराखड्यात सर्वांत महत्त्वाचा भाग ट्रान्सफॉर्मर हा होता. ज्यांनी बाकी सारे उंची भाग घातले आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये काटकसर केली, त्यांची यंत्रे अस्थिर होऊन गुरगुरू लागली. कोणत्या भागावर सारा भार आहे हे ओळखावे लागते. आपल्याकडे लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, बेंगळुरूचा एस. पी. रोड, मद्रासचा रिची स्ट्रीट या गल्ल्यांतून याच हौसेचे पोषण झाले. १९६९ पासून दिल्लीहून निघू लागलेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ने तिला लिखित आधार दिला.

अंकित ध्वनी सामान्य माणसाच्या घरी आला तो १९८२ मध्ये. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून कॉम्पॅक्ट डिस्कचे नियम ठरवले. सेकंदाला ४४,१०० ही विचित्र संख्या कोठून आली, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ती संख्या व्हिडिओ टेपच्या यंत्राची देणगी आहे. अंकित ध्वनी साठवण्यास तेव्हा तेच यंत्र सोयीचे होते. चित्राच्या प्रत्येक ओळीवर तीन आकडे, एका क्षेत्रात २४५ उपयोगी ओळी, सेकंदाला ६० क्षेत्रे, यांचा गुणाकार ४४,१०० होतो. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० क्षेत्रे घेतली तरी गुणाकार तोच! आकड्यांत जमणारा असा मेळ आम्हा हिशेबी लोकांना विशेष भावतो.

या संख्येचा परिणाम गाळणीवर काय झाला ते पाहा. माणसाच्या कानाची मर्यादा २०,००० आवर्तने धरली तर तेथपर्यंतचा प्रत्येक स्वर अबाधित जाऊ द्यायचा. आणि २०,००० च्या स्वराचे पहिले प्रतिबिंब २४,१०० वर उभे असते, ते अडवायचे. म्हणजे सताराच्या पडद्यांच्या हिशेबाने जेमतेम तीन स्वरांच्या अंतरात पूर्ण मुभा आणि पूर्ण बंदी! अशी गाळणी भिंतीसारखी उभी असावी लागते. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात विक्रीस आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ या यंत्रात अशीच अनेक टप्प्यांची, अवघड गाळणी बसवलेली होती. खर्च वाचवण्यासाठी डावी व उजवी या दोन्ही बाजूंस मिळून एकच रूपांतरक चिप आळीपाळीने वापरली होती. त्यामुळे एक बाजू दुसरीच्या सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे पडे. हे अंतर एक स्पीकर चार मिलिमीटर मागे सरकवण्याइतके आहे. त्यावर त्या काळी जितकी शाई खर्च झाली तितक्या योग्यतेचे ते नव्हते, असे माझे मत आहे. भिंतीसारख्या गाळणीवरील आक्षेप मात्र निराळा होता. तीतून जाणाऱ्या वरच्या कंप्रता खालच्यांपेक्षा अधिक उशिरा बाहेर पडत, आणि तिचे असंख्य घटक एकमेकांशी काटेकोर जुळले नाहीत तर दोन्ही बाजूंचा आवाज सारखा राहत नसे.

फिलिप्सने निराळी वाट धरली आणि ती वाट मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत रमणीय घटना वाटते. त्यांच्याजवळ १६ बिटांची चिप नव्हती, १४ बिटांची होती. म्हणजे जेथे ६५,५३६ पायऱ्या हव्यात तेथे १६,३८४ पायऱ्यांवर भागवायचे होते. त्यांनी असे केले की, दोन लागोपाठच्या आकड्यांमध्ये आणखी तीन आकडे गणिताने काढून घालायचे, म्हणजे मोजणीची गती चौपट, सेकंदाला १,७६,४०० होते. हे गणित करणारी एसएए ७०३० ही चिप म्हणजेच ९६ गुणकांची अंकीय गाळणी होती. आता पहिले उपद्रवी प्रतिबिंब २४,१०० वर न राहता दीड लाखाच्या पलीकडे गेले. त्यास अडवण्यास भिंत कशाला हवी? हलक्या उताराची, वेळ न बिघडवणारी, थोड्या घटकांची साधी गाळणी पुरे झाली. शिवाय गती चौपट झाल्याने गोंगाट विस्तृत पट्टीत पसरला आणि राहिलेली चूक पुढच्या आकड्यात वळती करण्याच्या युक्तीने ऐकू येणाऱ्या भागातला गोंगाट आणखी घटला. दोन्ही मिळून १४ बिटांच्या चिपेतून १६ बिटांच्या योग्यतेचा आवाज निघाला.

त्या चिपेच्या आत आणखी एक युक्ती होती. फिलिप्सच्या रूडी व्हान डी प्लाशे याने ती १९७६ मध्ये मांडली होती. बिटांची किंमत ठरवण्यास विजेच्या प्रवाहाचे अचूक दोन भाग, पुन्हा त्यांचे दोन भाग, असे करीत जावे लागते. कारखान्यात दोन भाग तंतोतंत समान कधी होत नाहीत. तेव्हा त्याने ते दोन भाग भराभर एकमेकांच्या जागी फिरवत ठेवले. आपल्याकडे भाऊबंदांत वतन असले म्हणजे पाळी लावून देत. एक वर्ष याने चालवावे, एक वर्ष त्याने, म्हणजे कोणाच्या वाट्यास थोडे अधिक आले तरी सरासरीत फरक राहत नाही. येथे ती पाळी सेकंदाला हजारो वेळा बदलते, आणि बदलताना जी बारीक लहर उठते ती शमवण्यासाठी बाहेर कंडेन्सर लावावे लागतात. १९८५ च्या सुमारास आलेल्या टीडीए १५४१ या १६ बिटांच्या प्रसिद्ध चिपेभोवती असे चौदा कंडेन्सर असतात. हौशी लोकांनी सर्वांत अधिक छळ केला आहे तो या चौदांचा.

या छळाची, किंवा तपश्चर्येची म्हणा, परंपरा सीडीहून थोडी जुनी आहे. फेब्रुवारी व मार्च १९८० मध्ये अमेरिकेतील ‘ऑडिओ’ मासिकात वॉल्ट युंग आणि रिचर्ड मार्श यांनी कंडेन्सर कसे निवडावे यावर दोन भागांत लेख लिहिला. तोवर कंडेन्सरचे मूल्य जुळले म्हणजे काम झाले असे समजत. या दोघांनी दाखवले की कंडेन्सरच्या दोन पत्र्यांमध्ये कोणता पदार्थ आहे यावर त्याचे वर्तन अवलंबून असते. काही पदार्थ दिलेला भार पुरता सोडत नाहीत. पत्रे जोडून रिकामे केले तरी थोड्या वेळाने पुन्हा भार दाखवतात. पॉलिस्टायरीन व पॉलिप्रॉपिलीन यांत हा दोष फार थोडा, इलेक्ट्रोलिटिकमध्ये पुष्कळ. एड डेल याने १९७० मध्ये सुरू केलेल्या ‘द ऑडिओ अ‍ॅमॅच्युअर’ या नियतकालिकात त्यांनी नंतर बाजारातील साधी यंत्रे टप्प्याटप्प्याने कशी सुधारावी याची लेखमाला चालवली, आणि पुढे तीच रीत फिलिप्सच्या सीडी यंत्रांस लावली गेली. आज संच जुळवणारा माणूस ज्या क्रमाने जातो, म्हणजे आधी पुरवठा, मग चिपेलगतचे कंडेन्सर, मग ऑप-अँप, मग गाळणी, तो क्रम बहुतांशी तेथूनच आलेला आहे.

दुर्दैवाने लेख विसरला गेला आणि कंपन्यांची नावे तेवढी राहिली. युंग व मार्श यांनी पदार्थाविषयी सांगितले होते. लोकांनी ते छाप्याविषयी ऐकले. म्हणून काही गोष्टी येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. गाळणीच्या जागी, जेथे कंडेन्सरचे मूल्यच स्वराचा निर्णय करते, तेथे पदार्थ महत्त्वाचा खराच: स्वस्त सिरॅमिक कंडेन्सरचे मूल्य त्यावरील दाबाबरोबर बदलते आणि आवाजात विकृती येते, सी-शून्य-जी जातीच्या सिरॅमिकमध्ये किंवा पॉलिप्रॉपिलीनमध्ये तसे होत नाही. पॉलिस्टायरीनही उत्तम, मात्र डाख देताना उष्णतेने ते लवकर बिघडते. पुरवठ्याच्या जागी मात्र कंडेन्सर कोणत्या कंपनीचा यापेक्षा तो चिपेच्या पायापासून किती जवळ आहे हे अधिक मोलाचे. मोठा, देखणा, महागडा फिल्म कंडेन्सर दोन इंच तारेने लोंबत ठेवला तर त्या तारेच्या गुणानेच त्याचे कार्य बिघडते; नखाएवढा साधा सिरॅमिक पायाशी चिकटून बसला तर तो अधिक काम करतो. टीडीए १५४१ च्या चौदा कंडेन्सरांना हे विशेष लागू आहे.

ऑप-अँपविषयीही तेच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिग्नेटिक्सने काढलेल्या ५५३४ व ५५३२ या चिपांनी असंख्य स्टुडिओ चालवले. त्या काढून अतिवेगवान चिपा खोचण्याची प्रथा आहे. रूपांतरकातून येणाऱ्या प्रवाहाच्या पायऱ्या फार तीक्ष्ण असतात, तेव्हा पहिल्या जागी वेग हवा, हे तर्कशुद्ध आहे. परंतु वेगवान चिपेस पायाशी पुरेसा आधार नसला तर ती कानास न ऐकू येणाऱ्या कंप्रतेवर स्वतःच थरथरू लागते, तापते, आणि त्या गोंधळाचा जो परिणाम ऐकू येतो त्यास ‘अधिक तपशील’ असे नाव मिळते! ऑसिलोस्कोप नसलेल्याने या फंदात पडू नये. आणि गाळणीत ‘मोठा तो चांगला’ या न्यायाने दुप्पट मूल्याचा कंडेन्सर बसवला तर गाळणीचा उंबरठा खाली येतो, वरचे स्वर थोडे कापले जातात आणि आवाज गोड झाला असे वाटते. अशा पुष्कळ सुधारणांचे श्रेय पदार्थाला दिले जाते. वस्तुतः गाळणी बदललेली असते.

जुन्या यंत्राच्या बाबतीत सुधारणा खरी आणि सिद्ध होण्यासारखी असते ती इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलल्याने. ते आतून सुकतात. दर दहा अंश उष्णता वाढली की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे. नागपूर किंवा दिल्लीचे तीस उन्हाळे काढलेल्या यंत्रात त्यांच्याकडून काय अपेक्षा करावी?

पुढे रूपांतरक सीडीच्या पेटीतून बाहेर पडून स्वतंत्र झाला आणि त्याचे संच विकले जाऊ लागले. त्याबरोबर नवी अडचण आली. सीडी यंत्राकडून येणाऱ्या एकाच तारेत आकडेही असतात आणि त्यांची वेळही त्यांच्यातच गुंफलेली असते. ती वेळ रूपांतरकाने शोधून काढायची. ती थोडी डळमळली तर आकडा बरोबर असूनही चुकीच्या क्षणी उच्चारला जातो. या तारेची पद्धत मुळातच सदोष आहे काय, असा प्रश्न क्रिस डन व माल्कम हॉक्सफर्ड यांनी १९९२ मध्ये ध्वनिअभियंत्यांपुढे ठेवला. गंमत अशी की वेळ शोधणाऱ्या चिपेलगतही एक लहानशी गाळणी असते. एक रेझिस्टर, एकदोन कंडेन्सर. तीच त्या डळमळीतून स्थिर वेळ गाळून काढते. संचातील सर्वांत स्वस्त घटक, आणि हौशी माणसाचे लक्ष तेथे सर्वांत शेवटी जाते.

इतक्यात जपानातून बंड झाले. १९९६-९७ मध्ये र्‍योहेई कुसुनोकी याने तेथील ‘एमजे’ मासिकात अशी भूमिका मांडली की, मधले आकडे काढून घालणारी अंकीय गाळणीच नको. सीडीवरचे आकडे जसे आहेत तसे वाजवावे. एका वाक्यात त्याने फिलिप्सची सारी चतुराई नाकारली. हौशी लोकांना हे मत फार रुचले आणि त्याचे कारणही उघड आहे. संच एकदम सोपा झाला. टीडीए १५४३ सारखी स्वस्त चिप, चार कंडेन्सर, आणि काम पुरे. कोणी जुन्या फिलिप्स यंत्रांतील एसएए ७२२० ही गाळणीची चिपच उपटून काढली.

याची किंमत आकड्यांत सांगता येते. गाळणी नसलेला असा रूपांतरक प्रत्येक आकडा पुढचा येईपर्यंत धरून ठेवतो, म्हणून २०,००० आवर्तनांच्या स्वराची उंची सुमारे तीस टक्के घटते, म्हणजे ३.२ डेसिबल, १०,००० वर ०.७५ डेसिबल. शिवाय प्रतिबिंबे तशीच पुढे अँप्लिफायरमध्ये शिरतात आणि तेथे आपापसांत मिसळून ऐकू येण्याच्या पट्टीत भुते उभी करतात. ज्यांना हा आवाज ‘नैसर्गिक’ वाटतो त्यांच्या आवडीशी माझे भांडण नाही. पण आकडे ‘जसे आहेत तसे’ वाजवले, हे म्हणणे मान्य करता येत नाही. आकड्यांच्या मधला नाद आकड्यांत नसतो काय? असतो, सिद्धांताने त्याची हमी दिली आहे, आणि ती हमी गाळणीमुळेच वसूल होते.

तरीही ऐकायचे काय, यावर पुष्कळ अवलंबून आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातील तबकड्यांवरून केलेली सीडी लावली तर मूळ तबकडीतच फार उंच कंप्रता नाहीत. ५,००० आवर्तनांवर ही घट ०.१८ डेसिबल, म्हणजे नसल्यासारखीच. तेथे गाळणी असो वा नसो, खाँसाहेब तेच राहतात. तंबोऱ्याचे अलीकडचे चांगले ध्वनिमुद्रण घेतले तर गोष्ट निराळी. जवारीच्या दोऱ्यामुळे तारेतून जे उंच उपस्वर झडतात त्यांची दाटी हीच तंबोऱ्याची ओळख आहे. या वाद्याचा शास्त्रीय अभ्यास १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली तेथे ज्यांचा स्तब्धबिंदू पडतो असे उपस्वर नियमाने उमटू नयेत, पण तंबोऱ्याच्या वक्र घोडीमुळे तेही उमटतात, हे त्यांनी दाखवले. हेच रामन १९०७ ते १९१७ अर्थखात्यात अधिकारी होते. कलकत्ता, रंगून, नागपूर अशा बदल्या त्यांनी भोगल्या आणि कलकत्त्यात असता बहूबझार स्ट्रीटवरील संस्थेत कचेरीच्या आधी व नंतर जाऊन ध्वनीचे प्रयोग केले. आपल्या वाचकांस हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

गाळणीविषयी आणखी एक वाद २००४ मध्ये उभा राहिला. सर्व कंप्रतांना सारखाच उशीर करणारी अंकीय गाळणी तीव्र आघाताच्या नंतर जशी थोडी थरथरते तशीच आधीही थरथरते. म्हणजे तबल्यावर थाप पडण्यापूर्वीच तिची सूक्ष्म चाहूल! पीटर क्रेव्हन याने त्या वर्षी ही चाहूल नाहीशी करणाऱ्या गाळणीचे विवेचन प्रसिद्ध केले. ही थरथर २२,००० च्या आसपासची असते, आणि तिशी ओलांडलेल्या बहुतेकांस ती ऐकू येण्याचा संभव नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

मग ऐकू काय येते? १९८० पासून चाललेल्या या भांडणात डोळे झाकून, यंत्राचे नाव लपवून घेतलेल्या परीक्षांचेच मोल. २००७ मध्ये मेयर व मोरन यांनी अधिक बारीक मोजणीच्या ध्वनिमुद्रणाची तुलना त्याच ध्वनीच्या १६ बिट, ४४,१०० च्या आवृत्तीशी केली. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी इतकीच आली असती. २०१६ मध्ये जॉशुआ रीस याने अशा १८ परीक्षांचे, बारा हजारांहून अधिक प्रयत्नांचे, एकत्र गणित केले. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि आधी शिक्षण दिलेल्या श्रोत्यांत ते बरेच अधिक होते. म्हणजे फरक शून्य नाही, पण बारीक आहे. आणि हा फरक संबंध मोजणीचाच आहे, त्यातील एका कंडेन्सराचा नव्हे. हजार रुपयांचा कंडेन्सर बसवून ‘पडदा दूर झाला’ असे सांगणाऱ्या गृहस्थांनी घरातील दुसऱ्या कोणास, न सांगता, जुना कंडेन्सर परत बसवावयास सांगून पाहावे. महिन्याचे अंदाजपत्रक सांभाळणाऱ्या गृहिणी या परीक्षेस आनंदाने साहाय्य करतील, असा माझा अंदाज आहे.

दरम्यान जुन्या चिपा संपत चालल्या. टीडीए १५४१ केव्हाच बनेनाशी झाली. निवडक चिपांवर मुकुटाची खूण असे. आता साध्या चिपेवर मुकुट छापून विकण्याचा धंदा चालतो, आणि खूण खरी की खोटी हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे कठीण असते. नव्या चिपांत गाळणी आतच असते. जपानच्या असाही कासेई कंपनीच्या एके ४४९० या चिपेत पाच प्रकारच्या गाळण्या भरलेल्या आहेत: कडक उताराची, सौम्य उताराची, कमी विलंबाच्या दोन, आणि अगदी मंद अशी एक. संचाच्या पाटीवरील चिमुकली टोपी एका पिनेवरून दुसरीवर सरकवली की गाळणी बदलते. बटरवर्थची तीन इंची नळी आणि ही टोपी यांत ऐंशीहून अधिक वर्षांचे अंतर. बदलण्याची सोय तीच.

२० ऑक्टोबर २०२० रोजी त्या कंपनीच्या नोबेओका येथील कारखान्यास आग लागली. ती सुमारे तीन दिवस धुमसत होती. जगभरच्या संच विकणाऱ्यांकडील चिपा पाहता पाहता संपल्या आणि भाव चढले. त्यानंतर कंपनीने नव्याने जी जोडी बाजारात आणली तीत अंकीय गाळणीचे व गणिताचे काम एके ४१९१ या स्वतंत्र चिपेकडे दिले आहे आणि नाद उभा करण्याचे काम एके ४४९९ईएक्स या दुसऱ्या चिपेकडे. गोंगाटी गणित आणि नाजूक प्रवाह एका घरात नकोत, असे त्याचे कारण आहे. १९८२ च्या फिलिप्स यंत्रातही एसएए ७०३० आणि टीडीए १५४० अशा वेगळ्याच बसत होत्या.